डॉक्टरच मारेकरी असेल तर आधी कळतं कुणाला?

कुळागरी

हॅरॉल्ड शिपमनवर मराठीत जे काही वाचायला मिळतं त्यात त्याची दाढी, त्याचा चष्मा आणि त्याचा थंडपणा यांचंच कौतुक जास्त. मला त्या माणसात फारसा रस नाही. मँचेस्टरजवळच्या हाइड गावचा फॅमिली डॉक्टर, घरोघरी व्हिजिटला जाणारा. १९७५ ते १९९८ या काळात त्याने २१५ रुग्ण मारले, असा निष्कर्ष न्यायमूर्ती जॅनेट स्मिथ यांच्या चौकशीने २००२ मध्ये काढला. पुढे एकूण आकडा २५० च्या घरात असावा असंही चौकशीत म्हटलं गेलं. कोर्टात सिद्ध झाले १५ खून. मेलेल्यांत बहुतेक म्हाताऱ्या बायका, बऱ्याचशा एकट्या राहणाऱ्या. वापरलं डायमॉर्फिन, म्हणजे कॅन्सरच्या वेदनांवर देतात ते औषध.

मला रस आहे तो ज्यांच्या लक्षात आलं त्यांच्यात. अंत्यसंस्काराचं काम करणाऱ्या एका कुटुंबाच्या लक्षात आलं, की या डॉक्टरच्या पेशंट बायका मरतात त्या अंथरुणात नव्हे, खुर्चीत बसून. अंगावर बाहेर जायचे कपडे, आसपास आजारपणाची काही खूण नाही. एका टॅक्सीवाल्याच्या लक्षात आलं, कारण त्याच्या नेहमीच्या आज्या एकेक करून कमी होत चालल्या होत्या आणि सगळ्यांचा डॉक्टर एकच. त्याने यादी करून ठेवली, पण बोलायचं धाडस होईना. डॉक्टरविरुद्ध टॅक्सीवाल्याचं कोण ऐकणार? शेवटी शेजारच्या दवाखान्यातल्या डॉ. लिंडा रेनॉल्ड्स बोलल्या. ब्रिटनमध्ये दहनासाठी दुसऱ्या डॉक्टरची सही लागायची आणि शिपमनचे कागद सहीला त्यांच्याकडे यायचे. त्यांच्या दवाखान्याकडे शिपमनच्या जवळजवळ तिप्पट रुग्ण, तरी मृत्यू त्याच्याकडे जास्त. मार्च १९९८ मध्ये त्यांनी कॉरोनरला, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला, कळवलं. पोलिसांनी चौकशी केली आणि एप्रिलमध्ये फाइल बंद केली. १९७६ मध्ये याच डॉक्टरला पेथिडिन या वेदनाशामकाची खोटी प्रिस्क्रिप्शन लिहिल्याबद्दल दंड झाला होता, एवढंही कुणी उघडून बघितलं नाही. फाइल बंद झाल्यावर आणखी तीन बायका गेल्या.

पकडला गेला तो पैशाच्या हव्यासामुळे. कॅथलीन ग्रंडी, ८१ वर्षांच्या, हाइडच्या माजी महापौर. त्यांच्या नावाने त्याने टाइपरायटरवर खोटं मृत्युपत्र केलं आणि सगळी मालमत्ता स्वतःला लिहून घेतली. बाईंची मुलगी वकील निघाली. प्रेत उकरलं, मॉर्फिन सापडलं. ग्रंडींना पुरलं होतं म्हणून सापडलं.

आता गोव्याचं बोलू. फोंडा, पेडणे, सत्तरी, कुठेही बघा: मोठं घर, मागे कुळागर म्हणजे पोफळीची बाग, घरात एकटी आजी किंवा आजोबा. मुलं दुबईला नाहीतर इंग्लंडात. सकाळी जीव गेला की नेहमीचा डॉक्टर येतो, दाखला देतो, संध्याकाळच्या आत स्मशान. डॉक्टर देवासारखा असतो आणि शंभरातल्या नव्याण्णव वेळा तसा असतोही. प्रश्न शंभराव्याचा आहे. त्याच्या दाखल्यांची थप्पी कुणी एका जागी ठेवून बघतं का?

दुपारची_झोप

जेवून आडवा झालो होतो, मोबाइल उघडला आणि तुमचा धागा. झोप गेली. असले विषय दुपारी दोन वाजता टाकत जाऊ नका हो.

साळावली

परदेशात कशाला जाता? सातारा जिल्ह्यातलं वाई आठवा. ऑगस्ट २०१६, संतोष पोळ. गावात डॉक्टर म्हणून ओळख, अटक झाली एका अंगणवाडी कार्यकर्तीच्या बेपत्ता होण्यावरून, आणि मग धोमच्या फार्महाऊसच्या आवारात पुरलेले मृतदेह सापडले. एकूण सहा खुनांचा आरोप. खटला चालू झाला, आरोप ते आरोप, म्हणून जास्त लिहीत नाही. पण त्यातली माणसं २००३ पासून एकेक करून गायब होत होती. प्रत्येक बेपत्त्याची नोंद वेगळी, प्रत्येकाची फाइल वेगळी. एका माणसापाशी येऊन सगळ्या वाटा थांबतात हे कळायला तेरा वर्षं गेली.

कुळागरी

साळावली, बरोबर. आणि ही गोष्ट डॉक्टरांपुरती नाही. आपल्या शिरोड्याचा महानंद नाईक घ्या. एप्रिल २००९ मध्ये धरला, १६ मुलींच्या खुनांचे आरोप, पहिला १९९४ मधला. काही खटल्यांत जन्मठेप, बऱ्याच खटल्यांत पुरावा टिकला नाही. मुली गरीब घरच्या, घरच्यांना वाटलं कुणाबरोबर पळून गेली असेल, लाजेने कुणी पोलिसांत गेलं नाही. ज्याच्या मरणाने कुणाला आश्चर्य वाटत नाही, किंवा ज्याच्या जाण्याने घरच्यांना लाज वाटते, तोच अशा लोकांना सापडतो. म्हातारं माणूस मेलं तर आपण काय म्हणतो? "सोनं झालं."

रात्रपाळी

मी नर्स आहे. गोव्यातल्याच एका इस्पितळात, कुठल्या ते सांगत नाही. धागा वाचून राग आला, खरं सांगते. आम्ही रात्री वॉर्डात धावत असतो. एकाचं सलाइन संपत आलेलं, दुसऱ्याची शुगर खाली, तिसऱ्याचा मुलगा काउंटरवर आवाज चढवून उभा. पेशंट गेला की नातेवाईकांची पहिली नजर आमच्यावरच. आता त्यात "ही मारत तर नसेल ना" हे पण घाला.

आणि मारायला औषध मिळतं कुठून तेही बघा. आमच्याकडे मॉर्फिन कुलपात असतं. रजिस्टर असतं, दोघांच्या सह्या लागतात, रिकामी अँप्यूल परत द्यावी लागते. बाहेरच्या लोकांना वाटतं तसं ते भाजीसारखं पडलेलं नसतं.

कपाटाची_किल्ली

रात्रपाळी ताई, तुमचा राग कळतो. मी इस्पितळाच्या औषध भांडारात नोकरी करून निवृत्त झालो. तुम्ही म्हणता ते मॉर्फिनबद्दल सोळा आणे खरं. नार्कोटिक्सचा १९८५ चा कायदा आहे, तपासणी येते, अँप्यूल कमी भरली तर माझी नोकरी जायची. पण मारणाऱ्या नर्सनी बहुतेक वेळा कुलपातलं औषध वापरलेलंच नाही. त्यांनी वापरलं ते ट्रॉलीवरचं, फ्रिजमधलं. हृदयाचं औषध, इन्सुलिन. ज्याचं रजिस्टर ठेवावं असं कुणाच्या मनात येत नाही ते.

जर्मनीतला नील्स हॉगेल. आधी ओल्डेनबुर्ग, मग डेल्मेनहॉर्स्ट. हृदयाची लय बदलणारं औषध तो पेशंटला टोचायचा, पेशंट कोसळला की स्वतःच सगळ्यात आधी धावत जाऊन छातीवर दाब द्यायचा. सहकाऱ्यांनी त्याला "रेस्क्यू रॅम्बो" असं टोपणनाव ठेवलेलं. वाचला तर हा हिरो, मेला तर पेशंटचं नशीब. २०१९ मध्ये ८५ खुनांबद्दल शिक्षा झाली. तपासात १३० हून जास्त प्रेतं उकरावी लागली. आता माझ्या धंद्याची गोष्ट सांगतो: त्या औषधाची मागणी तो असताना चढली होती. भांडारातला कारकून वर्षाचा हिशेब करताना थांबला असता आणि "या वॉर्डाला हे एवढं का लागतं?" असं विचारलं असतं तर? आम्ही विचारायचो ते फक्त बजेट संपत आलं की.

न्यू जर्सीचा चार्ल्स कलन तर यंत्राने पकडला गेला असं म्हणता येईल. तिथे औषधाचं कपाट संगणकावर चालतं, नर्सने कोड टाकला की खण उघडतो. हा ऑर्डर टाकायचा आणि लगेच रद्द करायचा. खण मात्र उघडलेला असायचा. रद्द केलेल्या ऑर्डरींची यादी मशीनमध्ये जशीच्या तशी होती. ती वाचायला माणूस बसला २००३ मध्ये. तोवर त्याची १६ वर्षांची नोकरी झाली होती.

फोंडा_कोर्ट

पॉपकॉर्न घेऊन बसलो होतो, पण कायद्याचा विषय आला म्हणून लिहितो.

आपल्या लोकांच्या मनात दोन गोष्टी एकत्र झालेल्या आहेत. हलगर्जीपणा वेगळा, खून वेगळा. हलगर्जीपणाने मृत्यू झाला तर नोंदणीकृत डॉक्टरला भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली दोन वर्षांपर्यंत कैद. आणि तिथेही जेकब मॅथ्यू खटल्यात २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दुसऱ्या जाणकार डॉक्टरचं मत घेतल्याशिवाय गुन्हा दाखल करू नका. तो निर्णय योग्यच होता, नाहीतर एकही सर्जन सुरी हातात घेणार नाही. पण त्याचा एक परिणाम असा की इस्पितळातला मृत्यू म्हटला की पोलीस, वकील, नातेवाईक सगळ्यांच्या डोक्यात हलगर्जीपणाचीच चौकट येते. हेतूचा प्रश्न कुणी विचारतच नाही.

दुसरं. ब्रिटनमध्ये कॉरोनर असतो. मुंबईतही होता, १९९९ मध्ये ते पद गेलं. आता आपल्याकडे संशयास्पद मृत्यू झाला की पोलिसांचा पंचनामा, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७४, आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९४. मात्र ते कलम चालू व्हायला कुणीतरी आधी "संशयास्पद" म्हणावं लागतं. डॉक्टरने दाखल्यावर हृदयविकार लिहिलं की संशय संपला.

साळावली

म्हणजे ज्याच्यावर संशय घ्यायचा त्याच्याच सहीने संशय मिटतो.

फोंडा_कोर्ट

हो. शिपमनच्या बाबतीत हेच झालं होतं. दुसऱ्या डॉक्टरची सही लागायची, पण ती शेजाऱ्याची, विश्वासाने केलेली. वर्षानुवर्षं झाली. फक्त रेनॉल्ड्स बाईंनी सही करताना मोजलं.

गणिती_मास्तर

मोजणं मोजणं सगळे म्हणताहेत, म्हणून आता मोजण्याची काळी बाजू.

लुसिया दे बर्क, हॉलंडमधली नर्स. हेगच्या मुलांच्या इस्पितळात ती ड्युटीवर असताना मुलं जास्त दगावतात, असा संशय आला. मग शोध उलटा सुरू झाला: ती ड्युटीवर होती त्या वेळच्या घटना संशयास्पद, ती नव्हती त्या वेळच्या नैसर्गिक. कोर्टात आकडा आला की हे योगायोगाने घडण्याची शक्यता ३४ कोटी २० लाखांत एक. कोण न्यायाधीश याच्यापुढे टिकेल? २००३ मध्ये जन्मठेप. नंतर संख्याशास्त्रज्ञांनी तो हिशेब उघडून बघितला तर त्यात काही अर्थच नव्हता. ती त्या वॉर्डात येण्याआधीच्या तेवढ्याच काळात मृत्यू कमी नव्हते, ही साधी गोष्टसुद्धा कुणी पाहिली नव्हती. विषाचा पुरावाही टिकला नाही. एप्रिल २०१० मध्ये निर्दोष सुटली. मधल्या काळात तुरुंगात तिला पक्षाघाताचा झटका आला होता.

गोट्या खेळताना पोरं आधी गोटी मारतात आणि मग तिच्याभोवती रिंगण काढतात, तसली ही आकडेवारी. कुठल्याही मोठ्या इस्पितळात एखाद्या नर्सच्या ड्युटीवर मृत्यू जास्त पडणारच. जी जास्त रात्रपाळ्या करते, जिला अत्यवस्थ पेशंट देतात, तिच्या. चांगल्या नर्सलाच कठीण पेशंट मिळतात. तेव्हा आकड्यावरून फक्त एवढंच ठरवावं की इथे बघायला हवं. काय दिसतं ते रक्ताच्या नमुन्याने, औषधाच्या हिशेबाने, प्रत्यक्ष पाहणाऱ्याने सांगावं.

रात्रपाळी

मास्तर, देव बरें करूं. मला हेच म्हणायचं होतं पण असं मांडता आलं नसतं.

कुळागरी

मग लुसी लेटबीचं काय म्हणाल? तिथे तर डॉक्टर ओरडून सांगत होते.

गणिती_मास्तर

त्या प्रकरणात मी कुंपणावर आहे आणि तिथेच बसणार. इंग्लंडमधल्या चेस्टरच्या इस्पितळात २०१५-१६ मध्ये नवजात बाळं दगावली. तिथली नर्स लेटबी ऑगस्ट २०२३ मध्ये सात खुनांबद्दल दोषी, आजन्म तुरुंगवास. तिथल्या डॉक्टरांनी आधी संशय बोलून दाखवला तेव्हा व्यवस्थापनाने उलट त्यांनाच तिची माफी मागायला लावली होती. हे चीड आणणारंच. आणि दुसरीकडे फेब्रुवारी २०२५ मध्ये कॅनडातले नवजात बाळांचे डॉक्टर शू ली यांच्या अध्यक्षतेखाली वेगवेगळ्या देशांतल्या १४ तज्ज्ञांनी कागद तपासून सांगितलं, की खुनाचा वैद्यकीय पुरावा दिसत नाही. आजार आणि उपचारांतल्या त्रुटी दिसतात. फेरतपासणीच्या आयोगाकडे अर्ज गेला आहे. ती दोषी असेल तर व्यवस्थापनाने बाळं गमावली. निर्दोष असेल तर एका बाईला गाडून इस्पितळाने आपला गलथानपणा झाकला. दोन्हीकडे इस्पितळ आहेच.

कपाटाची_किल्ली

मास्तर म्हणतात त्या रक्ताच्या नमुन्याबद्दल. बेव्हर्ली ॲलिट, नर्स, १९९१, इंग्लंडातल्या ग्रँथमचं इस्पितळ, मुलांचा वॉर्ड. चार मुलं मारली, आणखी कितीतरी मरता मरता वाचली. त्यातल्या एका मुलाची शुगर पुन्हा पुन्हा कोसळत होती, तेव्हा रक्त तपासणीला पाठवलं. शरीर स्वतः इन्सुलिन बनवतं तेव्हा सोबत सी-पेप्टाइड नावाचा तुकडाही बनतो. रक्तात इन्सुलिन भरमसाट आणि सी-पेप्टाइड नाममात्र, म्हणजे ते बाहेरून आलं. कुणीतरी वेळेवर नमुना घेतला म्हणून हे कळलं. १९९३ मध्ये तिला तेरा जन्मठेपा झाल्या.

पेडणेकार_विलायतेत

इंग्लंडातल्या स्विंडनहून लिहितोय. इथे आपले गोंयकार इतके, की बसस्टॉपवर कोकणी ऐकू येते. आई गावी एकटी, ब्युरोतून ठेवलेली होम नर्स चोवीस तास घरात. हा धागा वाचून काल रात्री आईला तीनदा फोन केला. शेवटी तीच वैतागून म्हणाली, "मी जिती आसां, न्हिद."

इथलं एक सांगतो. शिपमननंतर खूप वर्षं चर्चा चालू होती, शेवटी ९ सप्टेंबर २०२४ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये सक्तीचं झालं: कॉरोनरकडे न जाणारा प्रत्येक मृत्यू एक स्वतंत्र डॉक्टर तपासतो, ज्याने त्या पेशंटवर उपचार केलेले नाहीत. कागद बघतो आणि घरच्यांना विचारलं जातं, की तुम्हाला काही खटकलं का? कामावरच्या एका मित्राचे वडील गेले तेव्हा त्याला असा फोन आला होता. साधा प्रश्न, दहा मिनिटांचा. आपल्याकडे नातेवाइकाला हा प्रश्न कुणी विचारतं का?

दुपारची_झोप

आपल्याकडे नातेवाइकाला विचारतात ते "गाडी कुठे लावली?" आणि "बिल कोण भरणार?"

आबोली९

सगळे मारेकरी मारेकरी म्हणताय पण एक बाजू कुणी मांडली नाही. माझ्या मावशीचे शेवटचे महिने मी पाहिले. वेदना अशा, की तिने हात जोडले होते. एखाद्या डॉक्टरने अशा वेळी सुटका केली तर त्याला खुनी म्हणणार?

फोंडा_कोर्ट

आबोली ताई, तुमच्या मावशीबद्दल वाईट वाटलं. पण ही गल्लत मारेकऱ्यांच्या फार सोयीची आहे. पकडल्यावर कलननेही सुरुवातीला हेच सांगितलं, की मी वेदनेतून सोडवत होतो. त्याच्या पेशंटांत बरे होऊन घरी जायच्या तयारीतले लोक होते. ग्रंडी बाई तर धडधाकट. कुणी हात जोडले नव्हते, कुणाला विचारलं नव्हतं.

खरी सुटका हवी असेल तर त्याला वाट आहे आणि ती उजेडातली आहे. अरुणा शानबाग प्रकरण २०११, मग २०१८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय, २०२३ मध्ये त्याची प्रक्रिया सोपी केली. माणूस शुद्धीवर असताना लिहून ठेवू शकतो, की मला यंत्रांवर जगवत ठेवू नका. गोव्यात तर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतः पुढे होऊन असं लिव्हिंग विल केलं. दोन साक्षीदार, नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी, नंतर वेळ आली तर डॉक्टरांची दोन मंडळं. आणि तिथेही उपचार थांबवायची परवानगी आहे, इंजेक्शन टोचायची नाही.

आबोली९

पटलं. लिव्हिंग विलचं माहीत नव्हतं.

संपादक मंडळ

दोन प्रतिसाद उडवले आहेत. गोव्यातल्या इस्पितळांची, डॉक्टरांची नावं घेऊन संशय व्यक्त करू नये. तक्रार असेल तर पोलीस आहेत, मेडिकल कौन्सिल आहे. धागा चांगला चालला आहे, कुलूप लावायला लावू नका.

साळावली

संपादकांशी सहमत. पण "कौन्सिल आहे" वाचून हसू आलं. शिपमनला १९७६ मध्ये त्यांच्या कौन्सिलने ताकीद देऊन सोडलं होतं.

होम नर्सच्या मुद्द्यावर: कॅनडातलं एलिझाबेथ वेटलॉफरचं प्रकरण वाचून माझी झोप गेली होती. वृद्धाश्रमातली नर्स. २००७ ते २०१४ मध्ये आठ म्हातारी माणसं इन्सुलिनने मारली. एका ठिकाणाहून औषधाच्या चुकांवरून काढलं, तेव्हा शिफारसपत्र हातात देऊन काढलं. पुढे दुसरीकडे नोकरी मिळाली. कुणालाही, एकाही नातेवाइकाला, एकाही डॉक्टरला संशय आला नाही. २०१६ मध्ये तिने स्वतःहून कबुली दिली म्हणून कळलं. चौकशी आयोगाने २०१९ च्या अहवालात स्वच्छ लिहिलं, की तिने सांगितलं नसतं तर हे उघडकीलाच आलं नसतं.

पेडणेकार_विलायतेत

हे वाचायला नको होतं. आता सांगा, मी काय करू? गंमत नाही करत.

रात्रपाळी

दादा, घाबरून बाईला काढू नका. या बायका दुसऱ्याच्या घरात चोवीस तास राहतात, पगारातला वाटा ब्युरो कापून घेतो, रविवारसुद्धा मिळत नाही. बहुतेक जणी आपल्या आईची आपल्यापेक्षा जास्त काळजी घेतात. एवढं करा. ब्युरोने दिलेला कागद पुरे समजू नका, ती आधी ज्या घरी होती त्या घरी स्वतः फोन करा. औषधांचा डबा आठवड्याचा भरून ठेवायला शेजारच्या कुणाला सांगा. आई इन्सुलिनवर असेल तर पेन कधी संपलं, कधी नवं आणलं याची वही ठेवा, फार्मसीचं बिल त्याच वहीत. रोज वेगवेगळ्या वेळी फोन. आणि नर्सशीही बोला, नुसतं आईशी नको. जिच्याशी घरचे बोलतात ती नर्स एकटी पडत नाही.

फोंडा_कोर्ट

भर घालतो. जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा २०२३ मध्ये सुधारला, १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू. मृत्यूच्या कारणाचा वैद्यकीय दाखला निबंधकाला देताना त्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला द्यायची आहे, फुकट. इस्पितळात फॉर्म ४, घरी ४ अ. बहुतेक लोक पंचायतीचा किंवा नगरपालिकेचा मृत्यूचा दाखला घेतात, बँकेत देतात आणि विषय संपतो. कारणाचा दाखला वेगळा असतो. तो मागा, वाचा. नुसतं "हृदय बंद पडलं" लिहिलेलं असेल तर विचारा, कशामुळे? हृदय सगळ्यांचंच बंद पडतं.

देशाचा विचार केला तर नोंदलेल्या मृत्यूंपैकी चौथ्या हिश्श्यालासुद्धा डॉक्टरने प्रमाणित केलेलं कारण नसतं. गोवा या बाबतीत देशात वरच्या राज्यांत आहे. म्हणजे कागद आपल्याकडे आहेत.

कुळागरी

तेच तर सुरुवातीला विचारलं होतं. कागद आहेत, मग एका डॉक्टरचे, एका वॉर्डाचे, एका नर्सिंग होमचे कागद एकत्र लावून बघणं कुणाचं काम? छोटं राज्य आहे, पंधरा-सोळा लाख माणसं. मनात आणलं तर होण्यासारखं आहे. मास्तरांची अट मान्य: आकडा बघून कुणाला धरायचं नाही, फक्त जाऊन विचारायचं.

आणि शवविच्छेदनाबद्दल आपण बोललोच नाही. "मेल्यावर कशाला चिरफाड" हे प्रत्येक घरात ऐकलंय. त्यात आमच्याकडे दहन, तेही त्याच दिवशी. ख्रिस्ती शेजाऱ्यांकडे निदान मुलगा परदेशातून येईपर्यंत शवागारात ठेवतात, मग पुरतात. जर्मनीत वर्षांनंतर प्रेतं उकरून औषध शोधलं. आपल्याकडे काय उकरणार?

कपाटाची_किल्ली

एक राहिलं. कलनच्या वेळी जुलै २००३ मध्ये न्यू जर्सीच्या विषबाधा केंद्राच्या प्रमुखांनी, स्टीव्हन मार्कस त्यांचं नाव, इस्पितळाला फोनवर सांगितलं होतं, की तुमच्याकडे कुणीतरी विष घालतंय, पोलिसांना कळवा. इस्पितळाने पोलिसांना सांगितलं ऑक्टोबरमध्ये. मधल्या काळात आणखी पेशंट गेले. त्याआधीच्या इस्पितळांनी तर संशय आल्यावर त्याला गुपचूप जायला सांगितलं आणि पुढच्या इस्पितळाने विचारलं तेव्हा फक्त नोकरीच्या तारखा कळवल्या. २००५ मध्ये तिथे कायदा झाला, की पुढच्या मालकाने विचारलं तर खरं सांगायचं, आणि प्रामाणिकपणे सांगणाऱ्यावर दावा लावता येणार नाही. हॉगेललाही ओल्डेनबुर्गने उत्तम शिफारसपत्र देऊन डेल्मेनहॉर्स्टला पाठवला होता.

माझ्या नोकरीत एक माणूस होता. मारेकरी नव्हे, औषधं चोरायचा. सगळ्यांना माहीत. त्याला काढलं नाही, राजीनामा घेतला, वर्तणूक समाधानकारक असं लिहून. पुढे तो दुसऱ्या खाजगी इस्पितळात लागला, तिथेही भांडारातच. मी तिथल्या ओळखीच्या माणसाला फोन केला, तर आमचेच साहेब मला म्हणाले, "तुला काय पडलंय? कोर्टात खेचेल."

फोंडा_कोर्ट

आणि खेचलं असतं. गप्प बसलेल्यांचं काय झालं तेही बघा. ओल्डेनबुर्ग-डेल्मेनहॉर्स्टच्या त्या वेळच्या सात जणांवर खटला भरला, डॉक्टर आणि नर्सिंगचे वरिष्ठ. २०२२ मध्ये सगळे निर्दोष. गप्प बसणं आणि गुन्ह्यात मदत करणं यांच्यात कायद्याला बरंच अंतर दिसतं.

कुळागरी

रात्रपाळी ताई, शेवटचं विचारतो, राग मानू नका. तुमच्याबरोबरच्या कुणाचा तुम्हाला खरोखर संशय आला, तर तुम्ही कुणाला सांगाल?

रात्रपाळी

राग नाही. कालपासून तेच डोक्यात आहे.

मेट्रनला सांगेन. मेट्रन म्हणेल लेखी दे. लेखी दिलं की ते सुपरिटेंडंटकडे जाणार आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या वॉर्डांना माझं नाव कळणार. मी कंत्राटावर आहे, दर वर्षी मुदतवाढ. संशय चुकीचा निघाला तर मी एका चांगल्या बाईचं आयुष्य घालवलं, तुमच्या त्या डच नर्ससारखं. बरोबर निघाला तर इस्पितळाचं नाव खराब केलं म्हणून पुढच्या मार्चला मुदतवाढ नाही. कलनला पकडायला त्याच्याबरोबरच्याच नर्सने पोलिसांना मदत केली हे मी वाचलंय. तिच्यामागे पोलीस उभे होते.

नाव न सांगता कळवता येईल अशी पेटी हवी, आणि ती इस्पितळाच्या बाहेरच्या माणसाने उघडायला हवी. आमच्याकडे पेटी आहे, तिच्यावर "सूचना" लिहिलंय, रिसेप्शनच्या समोर, कॅमेऱ्याखाली.

फोंडा_कोर्ट

जागल्यांना, म्हणजे गैरप्रकार उघड करणाऱ्यांना, संरक्षण देणारा कायदा संसदेने २०१४ मध्ये संमत केला. अंमलात अजून आणलेला नाही. आणला तरी तो सरकारी नोकरांच्या गैरकारभाराबद्दल आहे, खाजगी इस्पितळातल्या कंत्राटी नर्सला त्याचा उपयोग शून्य.

पेडणेकार_विलायतेत

नर्सच्या आधीच्या घरी फोन केला, मडगावला. तिथल्या बाई अर्धा तास तिचं कौतुक करत होत्या आणि परत पाठवा म्हणत होत्या. पगार वाढवतोय. वही पण सुरू केली, आई म्हणते हिशेब मला येतो, तुझ्या बापाचा मीच ठेवायची.